बोका हजर असेल तरच ऑम्लेट

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. मी स्वतः तिथे हजर नसतो तर माझाही बसला नसता. पण एका ऑम्लेटासाठी आगीचा बंब आला, इमारतीच्या समितीची तातडीची सभा भरली आणि एका बोक्याला टॅक्सीत पुढच्या सीटवर बसवून परीक्षेला न्यावं लागलं, हे सगळं जसंच्या तसं घडलेलं आहे. माझ्या सांगण्यात भर असते ती फार तर मिठाइतकी. आणि मीठ किती हा प्रश्न केवढा भयंकर आहे, ते पुढे कळेलच.

हे घर चालवणाऱ्या ताई यायला अजून वेळ आहे. त्या आल्या की तुम्हाला हे घर दाखवतील, खोल्या दाखवतील, इथली मुलंमुली आपापली कशी राहतात ते सांगतील. तोवर खुर्च्या ओढून घ्या. नळवाले, तुम्हीही बसा. गळका नळ काही पळून जात नाही. वेळ किती झाली ते मात्र मला विचारू नका, माझं घड्याळ हल्ली माझ्याकडे नसतं. आत कांदा चिरल्याचा आवाज येतोय, म्हणजे नाश्ता बाहेर येईपर्यंत माझी गोष्ट आरामात संपते.

"तुम्ही इथे काम करता का?" बाईंनी विचारलं. त्या आणि त्यांचे यजमान मुलाला घेऊन हे घर पाहायला आले होते. मुलगा चांगला पंचविशीतला, टोपी भुवयांपर्यंत ओढून बसलेला.

"छे हो," मी म्हटलं, "मी इथे नुसता बोलतो."

"मला एकच काळजी आहे बघा. इथे म्हणे सगळे स्वतः रांधतात. आमच्या ह्याला मी गॅसच्या वाऱ्यालाही उभं करत नाही."

आता बोला! माझी गोष्ट नेमकी इथूनच सुरू होते.

आमच्या वहिनींचं हेच म्हणणं होतं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि त्यांची मुलगी ती माझी पुतणी. तिला घरात सगळे हेडबाई म्हणतात. लहानपणी आमच्या चपला दाराशी ओळीत लावायची आणि ओळ मोडणाऱ्याला जेवायला बसू द्यायची नाही, तेव्हापासून हे नाव. डॉक्टरांच्या भाषेत तिची समज सावकाश चालते. असेल. पण सावकाश चालणारा माणूस रस्त्यातलं सगळं बघत जातो, हे डॉक्टर सांगायला विसरले.

तर या हेडबाई एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला या घरी येऊन गेल्या आणि घरी परतल्यावर त्यांनी हुकूम काढला, "मी तिकडे राहणार. तिकडे प्रत्येकाला खोली आहे. खोलीची किल्ली आहे. मला किल्ली पाहिजे."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. कारण इथला नियम असा, की नव्यानं येणाऱ्यानं घरातल्या सगळ्यांसाठी एक पदार्थ करायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. फोन बघितला तर चालेल. जमलं तर किल्ली, नाही तर पुन्हा पुढच्या वर्षी. आणि आमच्या वहिनी अशा, की भाजी आणायला बाहेर पडल्या तरी गॅसच्या शेगडीची बटणं उपटून पर्समध्ये घालून नेत! एकदा दुकानात सुटे पैसे म्हणून त्यांनी एक बटण दिलं होतं. दुकानदारानं ते घेतलंही होतं.

"ती माझ्याशिवाय कशी राहील, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

"राहीन," हेडबाई म्हणाली. "तुला फोन करीन."

आणि तिथे मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "फोन करीन म्हणतेय ना? मग फोनच तिला स्वयंपाक शिकवेल. मी ॲप करतो. आठवड्याचं काम."

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला फोनचा आवाज बंद करता येत नाही. परवा दवाखान्यात तो उशीखाली दाबून धरला होतात."

हा अपमान मी गिळला. कारण या वहिनींना माहीत असूनही त्या विसरल्या होत्या की मी कोण आहे. मी म्हणजे मिक्सर, इस्त्री आणि पंख्यांच्या खोक्यांतून सूचनांची जी घडी निघते ना, ती लिहिणारा माणूस. उभी हयात तेच केलं. 'ओल्या हाताने स्पर्श करू नये' हे वाक्य माझं. माझ्या सूचना वाचून आजतागायत एकाही माणसाला इजा झालेली नाही.

"पण त्या वाचतो कोण?" नळवाले म्हणाले.

म्हणूनच झालेली नाही, हे मी कबूल करतो. पुढे ऐका.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई घरी बसून ॲप बनवण्याचं काम करतात. त्यांना आम्ही ॲपवाल्या बाई म्हणतो. अत्यंत कमी बोलतात. मी त्यांना अर्धा तास माझी योजना समजावून सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मजकूर पाठवा." मी रात्र न म्हणता दिवस न म्हणता लिहून पाठवला. तुम्हाला पहिलं वाक्य ऐकवतो. 'वापरकर्त्याने सर्वप्रथम आवश्यक ती सर्व सामग्री सुस्थितीत उपलब्ध असल्याची खातरजमा करून घ्यावी.' कसं वाटलं? भारदस्त की नाही?

हेडबाईनं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत ते वाचलं. मग बोट परत मागे नेलं.

"काका, हा वापरकर्ता कोण?"

"तू."

"मग माझं नाव लिही ना."

हे मला उभ्या हयातीत सुचलं नव्हतं. पंख्याच्या खोक्यात मी लोकांची नावं कुठून आणणार, ते सोडा. पण इथे तर वापरकर्ता समोर बसून बिस्किट खात होता!

"आणि 'चवीनुसार मीठ' म्हणजे?"

"म्हणजे चव बघायची आणि तसं घालायचं."

"घातल्यावर चव कळते. घालायच्या आधी कशी बघू?"

चार दिवस मी या प्रश्नानं झोपलो नाही. तुम्ही हसताय, पण जरा विचार करा. पाककृती सांगणाऱ्यांनी आजवर जगाला केवढं फसवलं आहे! 'कांदा गुलाबी होईपर्यंत.' मी स्टुलावर बसून कांद्याकडे टक लावून बघितलं. कांदा पांढरा असतो, पिवळट होतो, मग तपकिरी होतो आणि मग वहिनी ओरडतात. गुलाबी तो कधीच होत नाही. 'अंडं फोडा.' कशावर? किती जोरात? फोडताना डावा हात काय करत असतो? मला सांगता येईना. इतकी वर्षं मी अंडी फोडतोय आणि माझा डावा हात माझ्या पाठीमागे काय उद्योग करतो, याचा मला पत्ता नाही!

तेव्हा मी वही न घेता, नुसती अंड्यांची टोपली घेऊन इमारतीत फिरलो. प्रत्येक दार वाजवायचं आणि म्हणायचं, "एक अंडं फोडून दाखवता का?" तळमजल्यावर एक दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी आधी अंडं उजेडाकडे धरून तपासलं, मग चमच्याच्या टोकानं बरोबर मधोमध टिचकी मारली आणि मला सवयीनं म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." ॲपवाल्या बाईंनी कपाच्या काठावर फोडलं. वहिनी एका अंड्यावर दुसरं आपटतात. त्यातलं फुटतं नेहमी एकच, आणि कोणतं फुटणार यावर आम्ही पैज लावायला लागलो. समितीचे सचिव म्हणाले, "कशासाठी हवंय ते आधी लेखी द्या." सगळ्या इमारतीत त्या दिवशी घरोघर ऑम्लेट झालं. पण सांगायचं म्हणजे, दोन माणसांचा अंडं फोडण्याचा हात सारखा नाही, आणि आपण कसं फोडतो ते एकालाही शब्दांत सांगता आलं नाही. मला तर इतकी मजा वाटायला लागली, की ॲप कशासाठी करायचं होतं तेच अधूनमधून विसरायला व्हायचं.

हेडबाई विसरत नव्हती. रोज सकाळी विचारायची, "झालं का?"

ॲपवाल्या बाई म्हणाल्या, "वाचायला अवघड जातंय, तर आवाज द्या." आवाज! मला कुणी आवाज द्या म्हणावं आणि मी मागे राहावं? मी त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्डिंग केलं. बाईंनी कानाला यंत्र लावलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी ते काढून ठेवलं, पण मी थांबलो नाही. प्रत्येक पायरीला माझा आवाज, आणि पायरी संपली की दाबायला एक मोठं हिरवं बटण. त्यावर लिहिलेलं, 'झालं'. ते दाबल्याशिवाय ॲप पुढे जात नाही. ही युक्ती बाईंची. चांगली होती. चूक झाली ती माझ्या उत्साहात.

पहिल्या चाचणीला वहिनींनी पर्समधून बटणं काढून शेगडीला लावली आणि स्वतः हेडबाईच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हेडबाईनं गॅस लावला. तव्यावर तेल पडलं. आणि फोनमधून मी म्हणालो, "आता तवा तापू दे. तव्यावरून आठवलं. आमच्या कारखान्यात एकदा एका इस्त्रीनं चक्क साहेबांचा पाठलाग केला होता..."

गोष्ट चांगली होती हो. इस्त्री साहेबांच्या मागे जिना चढते तो भाग तर मी फारच रंगवून सांगितलाय. हेडबाई हसून हसून ओट्याला टेकली, वहिनींनी पदर तोंडाला लावला, मी स्वतःच स्वतःला दाद देत होतो, आणि तव्याकडे बघायला कुणी उरलं नाही. धूर असा झाला, की समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी बंब बोलावला. तीन जवान शिरस्त्राणं घालून, नळी ओढत आत आले. आणि खोटं वाटेल, पण ते नळी धरून तिथेच थबकले. कारण फोनमध्ये इस्त्री अजून तिसऱ्याच मजल्यावर होती. गोष्ट संपेपर्यंत तिघेही धुरात उभे होते, आणि संपल्यावर त्यांच्यातला मोठा म्हणाला, "मग साहेबांचं काय झालं?"

"आणि तवा?" नळवाल्यांनी विचारलं. "तवा जळत होता ना?"

तवा हेडबाईनं कधीच बंद केला होता. म्हणजे गॅस. बंद केला होता आणि पुन्हा हसायला लागली होती. त्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आत्ताच येतंय.

बंबापाठोपाठ आले समितीचे सचिव. इमारतीत कुठे खिळा ठोकला तरी यांच्या नाकाला तो टोचतो. त्यांनी सभा बोलावली. विषय एकच, ऑम्लेट. सचिव उभे राहून म्हणाले, "घरात ऑम्लेट करायला परवानगी लागत नाही. परंतु ॲपवरून ऑम्लेट करायला परवानगी लागते की नाही, हे नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. ज्याअर्थी लिहिलेलं नाही, त्याअर्थी ती लागते." यावर डॉक्टर म्हणाले, "मग ती देणार कोण?" सचिव म्हणाले, "तेही लिहिलेलं नाही." दोन तास चर्चा झाली. शेवटी हेडबाई उठली आणि सचिवांना म्हणाली, "काका, तुम्ही ऑम्लेट खाता का?" ते म्हणाले, "खातो की." ती म्हणाली, "मग तुम्हाला पहिलं देईन." परवानगी मिळाली. अशी तडजोड मी मोठमोठ्या साहेबांना जमताना पाहिलेली नाही.

घरी आल्यावर मात्र ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "काका, तू बोलू नकोस. नुसतं दाखव."

ते माझ्या मनाला लागलं. खोटं कशाला बोलू? ज्या माणसाची सगळी पुंजी म्हणजे त्याचं बोलणं, त्याला असं तोंडावर सांगायचं! पण तिला किल्ली हवी होती, आणि माझ्या इस्त्रीमुळे ती किल्ली लांब गेली होती. वहिनींनी तर बटणं पुन्हा पर्समध्ये टाकून पर्स उशाशी घेतली होती.

तेव्हा तिसऱ्या खेपेला नुसते फोटो. एका वेळी एक फोटो, त्याखाली ते हिरवं 'झालं'. शब्द नाही, आवाज नाही. वहिनींच्या स्वयंपाकघरात फोटो काढायचे ठरले. हात माझे, कॅमेरा ॲपवाल्या बाईंचा. अंडं फोडतानाचा हात, फेटतानाचा हात, तव्यावर उलथनं धरलेला हात. मिठाला वहिनींची एक छोटी चमचुली सापडली; ती भरून एकदा. मिठाचा प्रश्न सुटला त्या दिवशी मी वहिनींना नमस्कारच केला.

आणि ॲप चाललं! हेडबाईनं फोन ओट्यावर टेकवला, पहिला फोटो बघितला, आणि थांबली.

"काका, घड्याळ."

"कसलं घड्याळ?"

तिनं फोटोवर बोट ठेवलं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. निवृत्तीच्या वेळी कंपनीनं दिलेलं, चांगलं बशीएवढं. मी म्हटलं, अगं, त्याचा ऑम्लेटाशी संबंध नाही. ती म्हणाली, "फोटोत आहे." मी काढून दिलं. तिनं ते घातलं, मनगटावर दोनदा फिरलं, पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडावं लागलं.

दुसऱ्या फोटोला निळं वाडगं. टवका उडालेलं. वहिनी स्टीलचं द्यायला लागल्या तर नाही म्हणाली. "फोटोत निळं आहे." निळं दिलं.

आणि मग आला गॅस लावायचा फोटो. हेडबाईनं तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "गठ्ठ्या कुठे आहे?"

गठ्ठ्या म्हणजे तळमजल्यावरच्या डॉक्टरांचा बोका. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर ठेवलंय. दोरी बांधलेली नाही इतकंच. फोटो काढले त्या दिवशी हा गृहस्थ आमच्या खिडकीत येऊन बसला असणार, कारण फोटोच्या कोपऱ्यात त्याचं अर्धं अंग आणि एक कान स्पष्ट दिसत होता. माझ्या लक्षात आलं नाही, बाईंच्या आलं नाही. हेडबाईच्या आलं.

मी ॲपवाल्या बाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत कापू." पुढची आवृत्ती कधी? "बघू." म्हणजे तोपर्यंत बोका आणणं आलं. तळमजल्यावर गेलो.

"आत्ता?" डॉक्टर म्हणाले. "आत्ता तो झोपलाय."

"पाच मिनिटांचं काम आहे, डॉक्टर. नुसतं खिडकीत बसायचंय."

"कशासाठी?"

"ऑम्लेटासाठी."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की माझेच दात ठणकायला लागले. पण दिला. उचलताना पोटाखाली हात हवा, शेपटीकडे बघायचं नाही, जिन्यात त्याच्याशी बोलायचं, पण मोठ्यानं नाही, अशा अटींवर दिला. सूचनांची घडी मिळाली असती तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी त्याला वर आणला, खिडकीत ठेवला. हेडबाईनं त्याच्या कानामागे खाजवलं, गॅस लावला आणि असं सुरेख ऑम्लेट केलं की वहिनी तिथेच खाली बसल्या. पहिला घास सचिवांना गेला. शब्द म्हणजे शब्द.

मग हे रोजचं झालं. रोज घड्याळ, रोज निळं वाडगं, रोज मी तळमजल्यावरून बोका आणायचा. मी मनाशी सिद्धान्तच बांधून टाकला: या मुलांना चित्रात जे दिसतं ते सगळं लागतं, चित्रातलं महत्त्वाचं काय आणि फालतू काय हे आपण त्यांच्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं, ते त्यांना कसं कळणार? इमारतीत मी यावर व्याख्यानं दिली. डॉक्टरांना पटलं. ॲपवाल्या बाई नुसत्या हसल्या. त्यांचं हसणंही त्यांच्या बोलण्यासारखंच, अर्धवट. मला तर नवंच जग उघडल्यासारखं झालं होतं. कुठलाही फोटो दिसला की मी त्याचे कोपरे बघत बसायचो.

"मग परीक्षा?" घर पाहायला आलेल्या बाईंनी विचारलं. त्यांच्या हातातली पर्स त्यांनी घट्ट धरली होती, अगदी आमच्या वहिनींसारखी. "मिळाली का हो किल्ली?"

सांगतो ना. परीक्षेच्या दिवशी आम्ही टॅक्सीनं निघालो. मागे वहिनी, हेडबाई आणि तिच्या मांडीवर निळं वाडगं. पुढे ड्रायव्हर, मी आणि माझ्या मांडीवर टोपलीत गठ्ठ्या. टोपलीत तो मावेना, म्हणून थोड्या वेळानं टोपली माझ्या मांडीवर आणि गठ्ठ्या माझ्या जागी अशी व्यवस्था झाली. मी दाराला चिकटलो. ड्रायव्हर म्हणाला, "आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, परीक्षेला चाललाय."

इथे, याच घरात, याच दाराशी ताईंनी आम्हाला अडवलं. "बाहेरची भांडी चालणार नाहीत. घरातलीच वापरायची." वाडगं गेलं. मग त्यांनी टोपलीत पुन्हा कोंबलेल्या गठ्ठ्याकडे बघितलं. "हे काय?"

"हा फोटोतला आहे," मी म्हटलं.

मी त्यांना माझा सगळा सिद्धान्त सांगितला. चित्रं, कोपरे, महत्त्वाचं, फालतू. ताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "प्राणी आणू नये असं नियमात नाही, कारण आजवर कुणी आणलाच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा. पण हात लावायचा नाही. कशालाच." वहिनींना त्यांनी बाहेर बसवलं. वहिनी अशा बसल्या होत्या, जणू मुलगी नव्हे, त्याच शेगडीवर चढणार होत्या.

आणि मी टोपली खाली ठेवतो न ठेवतो तोच गठ्ठ्या उसळला! स्वयंपाकघरात शिरला आणि नाहीसा. आत हेडबाई ओट्याशी एकटी. समोर पांढरं वाडगं, निळं नाही. खिडकी रिकामी, बोका नाही. मागे घरातली सगळी मुलं ओळीनं उभी, भुकेली. ताई घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघतायत. वहिनींचा हुंदका बाहेरून ऐकू येतोय. आता सगळं एका बोक्यावर येऊन ठेपलं होतं. तो नाही तर गॅस नाही, गॅस नाही तर ऑम्लेट नाही, ऑम्लेट नाही तर किल्ली नाही.

"मग?" टोपीवाल्या मुलानं विचारलं. टोपी त्यानं कपाळावर सरकवली होती. "बोका कुठे होता?"

शाब्बास. प्रश्न असा विचारावा. कुणी दुसरा असता तर त्याची धांदल उडाली असती. मी काय केलं? मी दाराशी ताठ उभा राहिलो, हाताची घडी घातली आणि गठ्ठ्याला एक नजर दिली. बस्स, नजर. तो कपाटाखाली होता. माझी नजर त्याला कपाटाच्या लाकडातून लागली. मुकाट्यानं बाहेर आला, उडी मारून खिडकीत बसला आणि बरोबर फोटोत होता तसा कान वळवला. हेडबाईनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि गॅस लावला. आणि मग जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. तिनं तव्याचा दांडा धरला, मनगटाला असा झटका दिला, आणि ऑम्लेट उडालं! वर, वर, थेट छताला टेकलं. तिथे क्षणभर विचार करत थांबलं. मग तीन कोलांट्या खात खाली आलं आणि तव्यात असं पडलं, की आवाज नाही. आत जाऊन बघा, स्वयंपाकघराच्या छतावर तो डाग अजून दिसतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या, ताईंनी...

स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या वाढायच्या खिडकीची फळी सरकली. त्यातून एक हात आला आणि त्यानं वाफाळलेल्या ऑम्लेटाची बशी आमच्या टेबलावर ठेवली. मनगटावर बशीएवढं जुनं पुरुषी घड्याळ. पट्ट्याला एक जास्तीचं भोक.

"खोटं," हेडबाई म्हणाली.

नळवाले हसायला लागले. मी म्हटलं, "अगं, गोष्टीत थोडं मीठ..."

"मी ऑम्लेट उडवत नाही. उलथन्यानं उलटते. हळू." खिडकीतून तिचं अर्धं अंग दिसत होतं. गळ्यात दोरी, दोरीला किल्ली. "तो डाग पाण्याचा आहे. वरचा नळ गळतो, म्हणून नळवाले आले. आणि तू दाराशी नव्हतास. तू कपाटाखाली होतास. तुझे फक्त पाय दिसत होते."

"आणि बोका?" टोपीवाल्यानं विचारलं.

"तो पण कपाटाखाली. काकाबरोबर. खिडकीत कोणी नव्हतं."

"मग गॅस?" बाईंनी हळूच विचारलं. "गॅस कसा लागला?"

"मी लावला. बोका नव्हता. वाडगं पांढरं होतं. फोन पिशवीत होता."

आता माझा सिद्धान्त पणाला लागला होता. "पण मग घरी रोज कशाला मागायचीस? फोटोत होता म्हणूनच ना?"

"गठ्ठ्या मला आवडतो," हेडबाई म्हणाली, चपलांची ओळ मोडणाऱ्याला समजवावं तशी. "मागितला की तू आणायचास. म्हणून मागायची. घड्याळ पण आवडतं." मग तिनं टोपीवाल्याकडे बघितलं, त्याच्या आईकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे. "काका, तू तेव्हा बघितलंच नाहीस. मग सगळ्यांना कसं सांगतोस? आता दुसरं करतेय, ह्याच्यासाठी. आत ये आणि बघ. पण बोलायचं नाही."